सोळाशेच्या वर नाही

मुरली, कार्ड अजून कॅमेऱ्यातच आहे. कॅमेरा बॅगेत, बॅग लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. तरी मी मध्येच उठतो, कपाट उघडतो, बॅगेला हात लावून बघतो आणि परत येऊन बसतो. बायको म्हणाली, एवढी धास्ती आहे तर एकदाचं कॉम्प्युटरला लावून बघून घ्या. तिला काय सांगू? जोवर उघडत नाही, तोवर फोटो चांगला आलेला आहे. उघडला की मग जे असेल ते असेल.

तुझी प्रणाली आज येते आहे. सकाळी तिचा फोन आला. नाल्यावरचं पाणी उतरलं, सिरोंच्याहून एक एसटी सुटली, ती आलापल्लीपर्यंत आली आणि तिथून पुढची मिळाली. ती आधी घरी जाईल, आजीला भेटेल, आईजवळ बसेल आणि मग इथं स्टुडिओत येईल. फोनवर तिनं बाकी काही विचारलं नाही. "काका, फोटो आहे ना?" एवढंच. मी "आहे" म्हणालो. आहे हे खरंच आहे. कसा आहे हे मला ठाऊक नाही, आणि फोनवर तिला तेवढं सांगायची माझी छाती झाली नाही.

पेपरात द्यायला तुझी माहिती हवी म्हणून दोघं जण आले होते. जन्म कुठला, शिक्षण किती, पश्चात कोण कोण. मी त्यांना वहिनींकडं पाठवून दिलं. मला तुझ्याबद्दल कोणाला काही सांगायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. तेही त्याच जुन्या गोष्टीवरून, आयएसओवरून. तू हसशील. हस.

वडशाला आपण दोघांनी स्टुडिओ टाकला तेव्हापासून हे भांडण चालू आहे. कमी उजेडात फोटो कसा काढायचा, हे तू मला पहिल्याच आठवड्यात शिकवलंस आणि त्यानंतर आयुष्यभर त्यावरून माझ्याशी वाद घातलास. लेन्सचं दार किती उघडं ठेवायचं ती एक गोष्ट, शटरनं ते किती वेळ उघडं ठेवायचं ती दुसरी आणि तिसरी आयएसओ, म्हणजे आत आलेला उजेड कॅमेऱ्यानं किती फुगवायचा तो आकडा. पहिल्या दोन गोष्टी बाहेरचा उजेड आत आणतात. तिसरी काहीच आणत नाही, ती नुसता उजेडाचा आव आणते, असं तू म्हणायचास. म्हणून ती हात राखून वाढवायची. तुझा आकडा ठरलेला होता. सोळाशे. आपल्या त्या जुन्या कॅमेऱ्यावर सोळाशेच्या वर गेलं की सावलीत वाळू टाकल्यासारखे ठिपके दिसायला लागायचे आणि तुझा जीव वर-खाली व्हायचा. "गजू, फोटो फुटून राह्यला," म्हणायचास. जणू कोणी तुझ्यासमोर आरसाच फोडला.

माझं म्हणणं साधं होतं. फुटला तर फुटू दे, माणसाचं तोंड दिसलं पाहिजे. लोक आपल्याकडं अंधार बघायला येत नाहीत. तू म्हणायचास, अंधार होता तर अंधारच दिसला पाहिजे, खोटा उजेड कशाला पाडायचा? आता याच्यापुढं काय बोलणार! तुझ्याशी वाद घालणं म्हणजे एक त्रास होता. तू आवाज चढवायचा नाहीस आणि मागंही हटायचा नाहीस.

ती नटी आठवते? झाडीपट्टीचा सीझन ऐन भरात होता, आपल्याकडं नाटक कंपन्यांची रीघ लागलेली होती. रंगमंचावर फ्लॅश मारला तर नटांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकतात, म्हणून आपण दोघंही बिनफ्लॅशचे काढत होतो. तू तुझ्या सोळाशेवर, मी चौसष्टशेवर. दुसऱ्या दिवशी ती बाई दुकानात आली. तुझा फोटो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, "भाऊ, सीन लय चांगला आहे. पण मी कुठी आहो याच्यात?" तू शांतपणे म्हणालास, "बाई, तुमचा आवाज दिसून राह्यला त्याच्यात." ती हसली आणि माझा फोटो घेऊन गेली. माझ्या फोटोत तिच्या गालावर वाळूच वाळू होती, पण तिचं रडणं दिसत होतं. त्या दिवशी तू चहा घेतला नाहीस. पोट बिघडलं आहे म्हणालास. मला कळत नव्हतं होय?

पण त्याच सीझनला तू मला वाचवलंसही. मी नवखा होतो. मंडपात फोटो काढायचा, पाठीमागच्या स्क्रीनवर बघायचा आणि खूश व्हायचं. सगळे कसे लख्ख दिसत होते. सकाळी दुकानात येऊन उघडले तर एकजात काळे. तू म्हणालास, अंधारात स्क्रीन खोटं बोलते. भोवती काळोख असला की तिचा एवढासा उजेडही डोळ्यांना पुष्कळ वाटतो आणि काळा फोटोसुद्धा उजळ भासतो. फोटो बघायचा नाही, त्याच्या शेजारचा उजेडाचा आलेख बघायचा. त्या आलेखाला तू 'डोंगर' म्हणायचास. डोंगर मधोमध असला तर ठीक, डावीकडच्या भिंतीला चिकटला तर फोटो काळा, दुसरा काढ. तेव्हापासून मी डोंगर बघितल्याशिवाय कॅमेरा खाली केला नाही. लग्नात, शाळेत, नाटकात, कुठंच नाही. तुझ्या घरी मात्र मी तो बघितला नाही.

ते सांगतो. पण त्याआधी ती दुसरी गोष्ट, जी तू मला पुष्कळ दिवस करू दिली नाहीस. शेवटचा फोटो. कोणाच्या घरी माणूस गेलं आणि लेक किंवा लेकी लांब असल्या, पोचणं शक्य नसलं, की तुला बोलावणं यायचं. तू एकटा जायचास. मी येतो म्हटलं की म्हणायचास, तुझे हात अजून घाबरट आहेत. मग कधीतरी नेलंस. दारातच चपला काढून कॅमेऱ्याचा पिक पिक आवाज बंद केलास. फोकस धरताना समोर जो केशरी दिवा लागतो, तोही बंद केलास. आत गेलास आणि कॅमेऱ्याला हातही न लावता नुसता बसलास. मग दाराशी दाटून बसलेल्या बायकांना हळूच म्हणालास, "बाई, थोडं सरका. माणसाले उजेड येऊ द्या." त्या सरकल्या. दाराच्या समोरच्या बाजूला तू एकाला पांढरं धोतर धरून उभं केलंस, म्हणजे दारातून आलेला उजेड त्यावर आपटून तोंडाच्या दुसऱ्या बाजूवर पडावा. फ्लॅशला हात नाही लावलास. परतताना मी कारण विचारलं. तू मोटरसायकल चालवता चालवता म्हणालास, "जिवंत माणूस फ्लॅश पडला तं डोळे मिटून घेते, नको म्हणते. याले नको म्हणता येते का?"

शटर मात्र तिथं तू बिनधास्त हळू ठेवायचास. निजलेला हलत नाही, म्हणायचास. हलतात ते बाकीचे. त्यामुळं तुझ्या त्या फोटोंत मधलं माणूस अगदी स्वच्छ यायचं आणि भोवतीची माणसं पुसट. कोणाचा पदर, कोणाचा हात. मागच्या बाजूला आपण स्टुडिओचा शिक्का मारतो ना, तो तू या फोटोंवर कधी मारला नाहीस. घुग्घुसच्या खाणीत कामाला असलेला तो मुलगा आठवतो, ज्याला शिफ्टमधून निरोपच उशिरा मिळाला? तो सगळं आटोपल्यावर आला आणि थेट आपल्या दुकानात येऊन उभा राहिला. तू फोटो दिलास. त्यानं बघितला, शर्टाच्या आत ठेवला आणि गेला. तू दुपारभर लेन्स पुसत बसलास. लेन्स स्वच्छच होती.

आता त्या दिवसाचं.

सकाळी शाळेचे ग्रुप फोटो होते. तू दाढी करून, बॅग भरून तयार होतास, आणि छातीत कळ आली म्हणून खाटेवर बसलास. गाडी मिळाली, निघालो, दवाखाना आला नाही. रस्त्यात माझ्या हातावर तुझं डोकं होतं. याच्यापुढचं मी लिहू शकत नाही आणि तुला माहीतच आहे.

तुला घरी आणेस्तोवर पाऊस लागला होता. वीज गेलेली. प्रणालीला मीच फोन लावला. तिच्या दवाखान्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही नाल्यांवरून पाणी चाललेलं. ती नर्सबाईच्या आवाजात, जशी पेशंटच्या नातेवाइकांशी बोलत असेल तशी, म्हणाली, "काका, मी येऊ नाई शकत. तुमी बाबाचा फोटो काढा. मोबाईलचा नको. बाबा काढत होता तसा काढा." मी हो म्हणालो. आणखी काही बोलणार तोच नेटवर्क गेलं, आणि टॉवरलाच वीज नाही म्हटल्यावर ते परत येण्याचा प्रश्नच नव्हता. तिला व्हिडिओवर दाखवायचं म्हटलं तरी जमणार नव्हतं. हवा कोंदट, तुला ठेवून घेणं शक्य नव्हतं. उजेड आहे तोवर मोक्षधामात न्यायचं ठरलं.

म्हणजे पोरीला तुझं शेवटचं तोंड दिसणार होतं ते एकट्या माझ्या हातून. तू ज्यांना घाबरट म्हणायचास त्याच हातांनी.

मी दुकानात धावलो आणि कॅमेरा घेऊन आलो. तोवर घरात दोघा-तिघांनी मोबाईल काढले होते, त्यांना तुझ्या मायनं खाली ठेवायला लावले. मलाही तिनं अडवलं. मी प्रणालीचा निरोप सांगितला. म्हातारी म्हणाली, "एक काढ. पोरीसाठी. मंग ते बंद कर." एक. मुरली, मी आयुष्यात कुठलाही फोटो एकच काढलेला नाही. साध्या पासपोर्ट फोटोचेही मी चार काढतो. तू त्यावरून मला किती चिडवायचास!

तुझं घर तू बघितलेलंच आहे, पण फोटोवाल्याच्या डोळ्यानं कधी बघितलं होतंस का? कौलं खाली उतरलेली, खिडकी एवढीशी, बाहेर आभाळ काळं. उजेड येईल तो दारातून, आणि दारात गावातल्या बायका बसलेल्या. त्यांना सरका म्हणायला माझ्या तोंडातून शब्द फुटेना. समोर धोतर धरायचं तर घरात पांढरं होतं ते एकच, आणि ते तुझ्या अंगावर होतं. मी लेन्सचं दार होतं तेवढं उघडलं. शटर हळू केलं, इतकं हळू की हात जरा हलला तर सगळं गेलं. भिंतीला खांदा लावला, कोपर गुडघ्यावर टेकवलं. मीटर सांगत होतं, उजेड कमी आहे, अजून कमी आहे. उरला आयएसओ. चाक माझ्या अंगठ्याखाली होतं. सोळाशे. चौसष्टशेवर न्यायला किती वेळ लागतो? अंगठा नुसता दोन पेरं सरकवायचा.

मी सरकवला नाही.

का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तू समोर होतास. तुझ्या घरात, तुझ्यासमोर, तुझाच फोटो फोडायचा मला धीर झाला नाही. आयुष्यभर ऐकलं नाही, तर निदान यावेळी तरी ऐकावं, असं काहीतरी मनात आलं असेल. शिवाय ती म्हणाली होती ना, बाबा काढत होता तसा काढा.

बटण अर्धं दाबलं आणि तुझ्या तोंडावर केशरी उजेड पडला. तो फोकसचा दिवा. बंद करायला विसरलो होतो. तेवढ्या उजेडात क्षणभर तू अगदी जागा दिसलास, कोणी हाक मारल्यावर दिसतोस तसा. तुझ्या मायनं दचकून तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. काय लावलं म्हणून विचारलं. मी माफी मागितली. दिवा बंद केला, फोकस हातानं फिरवून तुझ्या पापणीवर आणला. श्वास सोडून मग दाबायचं, असं तू शिकवलंस. मी श्वास सोडला. तो परत घेताच येईना. दाबलं.

स्क्रीनवर तू दिसलास. स्वच्छ, उजळ, नाक, मिशी, सगळं. मला इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. म्हातारी म्हणाली, "झालं? बंद कर आता." मी बंद केला.

तुला खांद्यावर घेऊन निघालो तेव्हा मोक्षधामाच्या वळणावर माझ्या डोक्यात लख्खकन् आलं. घरात अंधार होता. अंधारात स्क्रीन खोटं बोलते. आणि मी डोंगर बघितला नव्हता. माझा पाय चिखलात अडखळला तेव्हा मागच्यानं विचारलं, खांदा बदलायचा का? मी नाही म्हणालो. तुझ्या ओझ्यानं नाही रे अडखळलो.

तेव्हापासून हे असं चाललं आहे. झोप लागते आणि जाग येते. पाऊस थांबला तरी कार्डाला दमट हवा लागली असेल असं वाटतं, म्हणून मी कॅमेरा एक दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, आपण लेन्सला बुरशी धरू नये म्हणून ठेवतो तसा. मग तांदळाची भुकटी आत गेली असेल असं वाटलं, म्हणून काढला. हात हलला असेल का? फोकस पापणीवर होता की कानावर? आणि सगळ्यात मोठं म्हणजे सोळाशे. तुझी पोर इतक्या लांबून, एसटीत उभ्यानं, एका फोटोसाठी येते आहे आणि मी तिच्यापुढं काळा चौकोन ठेवणार आहे. चुकून चांगला आलेला असेल तर तुझे उपकार. नसेल तर तुझ्यावर मी फार चिडणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

चिडण्यासारखं अजून एक आहे. उन्हाळ्यातल्या त्या लग्नात, जांभळीच्या डहाळ्यांच्या मंडपात, सगळ्यांची तोंडं हिरवी येत होती म्हणून आपण रंग जुळवत बसलो होतो. तू मध्येच कॅमेरा माझ्याकडं दिलास आणि म्हणालास, "गजू, आजकाल श्वास धरवत नाई रे. शटर हळू ठेवलं तं फोटो हलते." मी म्हणालो, म्हातारा झालास, आता आयएसओ वाढव. तूही हसलास. मुरली, तू माझ्याशी आयएसओबद्दल बोलत नव्हतास, हे मला आता कळतं. तू तरी सरळ का बोलला नाहीस? एवढी वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, एका डब्यातलं खाल्लं, आणि छातीत काही होतं हे सांगायला तुला शटर मध्ये आणावं लागलं.

आणि मी तरी काय बोललो? माझ्या हातात काही नव्हतं तेव्हा तू कॅमेरा दिलास. बोर्डावर माझं नाव तुझ्या नावाच्या बरोबरीनं लिहून घेतलंस, खाली नाही. पेंटरनं खाली लिहिलं होतं, ते तू पुसायला लावलंस. मी कधी त्याबद्दल तुला एक शब्द म्हटला नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती. आपण भांडायचो, तेच आपलं बोलणं. तुझ्यामुळं मी माणसात आलो, मुरली. हे घे, आता म्हटलं.

बाहेर रिक्षा थांबली. तीच असेल.

ती येऊन गेली. आता बाजार उठला आहे, समोरच्या तांदळाच्या गिरणीचा पट्टा बंद झाला आहे. राहिलेलं लिहितो.

प्रणाली वाळली आहे. तिनं माझ्या पाया पडायला हात पुढं केला आणि मीच मागं सरलो, काय करावं सुचेना. तिला तुझ्या खुर्चीवर बसवलं. ती म्हणाली, दाखवा. मी कपाट उघडलं. किल्ली लागेना, कारण मी उलटी धरली होती. कार्ड लावलं आणि फोटो उघडला.

काळा होता, मुरली. अगदी काळा नाही, पण काळाच. पांढऱ्या कापडाची एक कड, नाकाची एक रेघ आणि कपाळावर पुसट काहीतरी, तो मायचा हात. डोंगर डावीकडच्या भिंतीला घट्ट चिकटलेला. मी तिच्याकडं बघूच शकलो नाही. म्हणालो, "प्रणाली, उजेड नव्हता. आणि मी तुझ्या बाबाचं ऐकलं." तिला सोळाशेचं सगळं ठाऊक होतं. ती आपली भांडणं ऐकत मोठी झालेली पोर.

मी फोटो वर ओढायला सुरुवात केली. कॉम्प्युटरवर सावल्या उघडत नेल्या, थोड्या थोड्या. कान आला. मिशी आली. आणि त्याबरोबर वाळू आली, तू म्हणायचास तशीच, काळ्यातून लाल-निळे ठिपके वर यायला लागले. कॅमेऱ्यात चौसष्टशेवर काढला असता तर याच्या निम्मेही आले नसते. माझा हात थांबला. गालावर जागोजागी तडे गेल्यासारखं दिसत होतं. मी म्हणालो, "याच्यापुढं फुटते. इथंच थांबवतो."

"फुटू द्या काका," ती म्हणाली. "मले बाबाचं तोंड पाह्यचं आहे."

मी ओढत नेलं. जिथं तू माझा हात धरला असतास त्याच्याही पलीकडं नेलं. फोटो फुटला. पुरता फुटला. आणि तू आलास. पापणी स्वच्छ होती, हात हलला नव्हता. नाकावर चष्म्याचा वळ. हनुवटीखाली दाढी करताना लागलेलं, ताजं. मी त्या दिवशी इतका वेळ तुझ्याजवळ होतो आणि ते मला दिसलं नव्हतं. तिला दिसलं. तिनं स्क्रीनवर तिथं बोट ठेवलं आणि विचारलं, "दाढी केली होती का बाबानं?" मी हो म्हणालो, शाळेचे ग्रुप फोटो होते ना. ती रडायला लागली. इतके दिवस रडली नव्हती, असं तिनंच नंतर सांगितलं. मी ठिपके पुसून गाल गुळगुळीत करून देतो म्हटलं, तर तिनं मान हलवली. पुसलं तर हनुवटीचं लागलेलंही जाईल ना, म्हणाली.

प्रिंट काढली. मागं शिक्का मारला नाही. ती हातात घेऊन दाराकडं गेली, उजेडात धरून बघितली आणि तिथूनच विचारलं, "काका, बाबाले आवडला असता का हा?"

खोटं बोलवेना. म्हणालो, "नाही गं. भांडला असता माझ्याशी. दिवसभर भांडला असता."

तिनं प्रिंट उलटी करून कोरी पाठ बघितली. मग म्हणाली, "भांडायले तरी यायचं होतं त्यानं."